तिथी बघा, शटर ठरवा: चंद्राच्या फोटोचं एक्स्पोजर

कोजागरीची रात्र होती. सोसायटीच्या गच्चीवर पातेल्यात दूध आटत होतं, वेलदोड्याचा वास सुटला होता, आणि मी मित्राकडून घेतलेला जुना डीएसएलआर ट्रायपॉडवर चढवून ऐटीत उभा होतो. कॅमेरा ऑटोवर, लेन्स पूर्ण झूम केलेली. बटण दाबलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हा चंद्र आहे की फुगलेला साबुदाणा?"

उत्तर द्यायला तोंड नव्हतं. डाग नाहीत, खड्डे नाहीत, नुसता पांढरा गोळा आणि भोवती धुरकट वलय. त्या रात्री लेन्सला दोष दिला. पुढच्या महिन्यात कळलं की लेन्स बिचारी ठीक होती, एक्स्पोजर चुकलं होतं, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश गरजेपेक्षा जास्त गेला होता. आणि आणखी काही महिन्यांनी लक्षात आलं की चंद्राचं एक्स्पोजर ठरवायला लागणारी सर्वांत महत्त्वाची माहिती स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लटकलेली असते. आजची तिथी काय? ती कळली की निम्मं काम झालं.

कॅमेरा कुठे फसतो

चंद्रावर पडणारं ऊन आणि आपल्या अंगणात भर दुपारी पडणारं ऊन एकच. सूर्यापासून दोघांचं अंतर जवळपास सारखंच आहे. म्हणजे चंद्राचा फोटो हा रात्रीचा फोटो नाही, उन्हात पडलेल्या दगडाचा फोटो आहे. तो दगडही फारसा उजळ नाही. चंद्राचा पृष्ठभाग सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच प्रकाश परतवतो. वापरून जुना झालेला डांबरी रस्ता साधारण तेवढाच परतवतो. काळ्या आकाशावर असल्यामुळे तो आपल्याला चांदीच्या ताटासारखा वाटतो, एवढंच.

कॅमेऱ्याला हे माहीत नसतं. तो संपूर्ण चौकटीचा हिशेब करतो आणि त्या चौकटीत चंद्र असतो किती? सेन्सरवर चंद्राची जी प्रतिमा पडते तिचा व्यास काढायची सोपी रीत: फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) ११० ने भागा. २५० मिलिमीटरच्या लेन्सवर चंद्र जेमतेम २.३ मिलिमीटरचा. हौशी डीएसएलआरमध्ये बहुधा असतो तो एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे चंद्रानं चौकटीचा सुमारे एक टक्का भाग व्यापला. उरलेले ९९ टक्के काळोख. कॅमेरा म्हणतो, "फारच अंधार आहे," आणि शटर उघडं ठेवून बसतो. तोवर चंद्राचा साबुदाणा झालेला असतो.

मग स्पॉट मीटरिंग लावा, म्हणजे कॅमेरा फक्त छोट्या वर्तुळातला प्रकाश मोजेल, असा सल्ला हमखास मिळतो. मीही तो पाळून पाहिला. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत स्पॉटचं वर्तुळच चौकटीच्या २ ते ५ टक्के असतं. २५० मिलिमीटरवर चंद्र त्या वर्तुळापेक्षा लहान पडतो, त्यामुळे मीटर पुन्हा काळोखच मोजतो. ६०० मिलिमीटरची लेन्स असेल तर चंद्र एपीएस-सीवर ६ टक्क्यांपर्यंत जातो आणि तिथे स्पॉट खरंच कामाला येतो. आपल्यासारख्यांनी मात्र डायल सरळ मॅन्युअलवर न्यावा आणि आकडे स्वतः भरावेत.

अकराचा नियम

भर उन्हातल्या फोटोसाठी जुने फोटोग्राफर 'सनी १६' म्हणतात: ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) एफ/१६, आणि शटर (किती सेकंद उघडं राहतं ते) म्हणजे एक भागिले आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). चंद्रासाठी त्याचाच भाऊ आहे 'लूनी ११'. पूर्ण चंद्र, ॲपर्चर एफ/११, आयएसओ १०० असेल तर शटर १/१००, आयएसओ २०० असेल तर १/२००. ऊन तेच असताना एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश, का द्यायचा? कारण डांबरासारखा काळपट पृष्ठभाग आपल्याला फोटोत उजळ दिसायला हवा असतो. अगदी खरा रंग दाखवला तर घरचे म्हणतील की चंद्राला ग्रहण लागलंय.

मी स्वतः एफ/११ वर क्वचितच काढतो. साध्या झूम लेन्स एफ/८ च्या आसपास सर्वांत धारदार असतात. एफ/११ च्या पुढे लहान सेन्सरवर प्रतिमा किंचित मऊ व्हायला लागते. म्हणून माझा पाया ठरलेला: एफ/८, आयएसओ २००. एफ/११ वरून एफ/८ वर आलं की प्रकाश दुप्पट होतो, तेव्हा शटर निम्म्या वेळाचं, म्हणजे १/४००. पौर्णिमेचं हे झालं. ॲपर्चर आणि आयएसओ खिळवून ठेवायचे आणि तिथीप्रमाणे फक्त शटर हलवायचं. तीन-तीन गोष्टी एकदम फिरवल्या की अंधारात डोकं चालत नाही.

तिथीचा तक्ता

इथे बहुतेकांची एक समजूत आडवी येते. अर्धा चंद्र म्हणजे निम्मा उजेड, आणि जो भाग उजळलाय तो तर तेवढाच तेजस्वी असणार, मग एक्स्पोजर बदलायचं कशाला? प्रत्यक्षात अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या साधारण एक दशांशच प्रकाश देतो. निम्म्या भागात एक दशांश प्रकाश, म्हणजे उजळलेल्या बाजूचं तेजही एक पंचमांशावर आलं. दोन स्टॉपपेक्षा थोडं जास्तच.

कारण सावल्या. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि चंद्रावरच्या प्रत्येक खडकाची, धुळीच्या प्रत्येक कणाची सावली त्याच्याच मागे दडते. शिवाय ती बारीक धूळ आलेला प्रकाश आल्या दिशेनं जास्त परतवते. अष्टमीला ऊन बाजूनं येतं. खड्ड्याखड्ड्यात, कणाकणाशेजारी सावली पडते आणि सगळ्याची सरासरी खाली येते. म्हणूनच पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट दिसतो आणि अष्टमीचा खडबडीत. माझं विचाराल तर फोटोसाठी पौर्णिमा ही सर्वांत कंटाळवाणी रात्र आहे. सप्तमी ते दशमी हे खरे दिवस.

आता तिथी म्हणजे काय? सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. चंद्राची कला ठरते तीही याच कोनावरून. म्हणजे पंचांगातली तिथी ही आयतं चंद्राचं लाइट मीटर आहे. एफ/८, आयएसओ २०० आणि चंद्र आकाशात बऱ्यापैकी वर आहे असं धरून माझे सुरुवातीचे आकडे असे:

पौर्णिमा आणि तिच्या आगेमागे एक दिवस: १/४००
एकादशी ते त्रयोदशी: १/२००
नवमी, दशमी: १/१२५ ते १/१६०
अष्टमी: १/१००
पंचमी, षष्ठी: १/६०
चतुर्थी: १/५०
तृतीया: १/३०
द्वितीया: १/१५ किंवा त्याहून सावकाश

हे शुक्ल पक्षाचं. कृष्ण पक्षात तिथीचा आकडा १६ मधून वजा करायचा. कृष्ण चतुर्थी म्हणजे १६ वजा ४, द्वादशीचं एक्स्पोजर. कृष्ण अष्टमी म्हणजे अष्टमीच. फरक इतकाच की कृष्ण अष्टमीला उजळलेल्या बाजूवर काळे 'सागर', म्हणजे चंद्रावरचे मोठे काळे डाग, जास्त येतात, त्यामुळे तो चंद्र किंचित मंद असतो. डायल एक क्लिक फिरवून शटर थोडं सावकाश करा. (गोकुळाष्टमीला चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास, त्यामुळे दहीहंडीच्या आदल्या रात्री जागायची तयारी हवी.)

दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाची असते आणि संध्याकाळपर्यंत ती बदललेली असू शकते. त्यानं बिघडत नाही. एका तिथीची चूक म्हणजे फार तर एका स्टॉपचा फरक, तो पहिल्या दोन फोटोंतच कळतो.

आणि सुपरमून? बातम्यांत कितीही गाजला तरी सर्वांत जवळचा पूर्ण चंद्र सर्वांत लांबच्या चंद्रापेक्षा व्यासानं १४ टक्के मोठा आणि तेजानं ३० टक्क्यांच्या आसपास जास्त असतो. ते ३० टक्केही बहुतांशी आकार वाढल्यामुळे आलेले, पृष्ठभागाचं तेज वाढल्यामुळे नाही. तेव्हा शटरला हात लावायचं कारण नाही.

गच्चीवर मांडामांड

ट्रायपॉड हवा का? पौर्णिमेला नसला तरी चालतं. हातात धरून काढायचं तर शटर निदान 'एक भागिले फोकल लेंग्थ' इतकं जलद हवं, आणि एपीएस-सीवर ती लेंग्थ दीडपट धरायची. २५० मिलिमीटरला १/४०० च्या आसपास. तक्त्यात पौर्णिमेला नेमकं १/४००च आहे! अष्टमीला हातात धरायचं तर आयएसओ ८०० करून १/४०० घ्या. त्याखाली ट्रायपॉडच.

ट्रायपॉडवर लावलात की मधला दांडा वर काढू नका, तो हलतो. गच्चीच्या कठड्यावर छोटा ट्रायपॉड ठेवायचा मोह आवरा. शेजारी पाण्याचा पंप सुरू झाला की कठडा थरथरतो. हे मी भोगून सांगतोय. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का विरून गेल्यावर शटर उघडेल. डीएसएलआरमध्ये मिरर आधी वर उचलून ठेवायची सोय असते, तीही वापरा; १/६० ते १/१० या टप्प्यात मिररचा धक्का सर्वांत जास्त नडतो.

फॉरमॅट रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेली माहिती जशीच्या तशी साठवणारी फाइल. व्हाइट बॅलन्स उन्हाचा, म्हणजे डेलाइट. चंद्रावर ऊनच तर पडलंय. ऑटो ठेवलात तर कॅमेरा प्रत्येक फोटोत वेगळी छटा काढतो आणि उगवतीचा केशरी चंद्र धुवून पांढरा करतो.

फोकस मॅन्युअल. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, बऱ्याच झूम लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. लाइव्ह व्ह्यू चालू करा, १० पट मोठं करा आणि प्रकाश-सावलीची सीमा जिथे जाते तिथल्या खड्ड्यांच्या कडा बघत रिंग हळूहळू फिरवा. कडा तीक्ष्ण होते, मग पुन्हा मऊ व्हायला लागते. तिथून किंचित मागे या. पण एक अट: आधी एक्स्पोजर बसवा, मग फोकस. पांढऱ्या गोळ्यावर फोकस करायला कडाच नसते. सुरुवातीला मी हे उलट करत होतो आणि अर्धा तास घालवत होतो.

फोकस झाला की रिंगला हात लावायचा नाही. कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका.

एका संकष्टीची रात्र

आकडे हलतात कसे हे एका रात्रीतून दाखवतो. संकष्टी चतुर्थी निवडली, कारण त्या दिवशी चंद्रोदयाची वेळ घराघरात पाठ असते. कालनिर्णयमध्ये ती गावागणिक छापलेली असते. समजा चंद्रोदय रात्री ९ वाजून १० मिनिटांनी आहे. आईचा उपास, मोदक झाकून ठेवलेले, आणि तिला दर पाच मिनिटांनी विचारायचंय, "दिसला का?"

समोर इमारती असल्यानं तो आम्हाला दहाच्या सुमारास दिसतो. तेव्हा क्षितिजापासून दहा-बारा अंश वर. (हात पुढे ताणून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते.) कृष्ण चतुर्थी, म्हणून द्वादशीचा आकडा: १/२००. पण इतक्या खाली त्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानानं पाच-सहा पट हवेतून येतो. स्वच्छ हवेतही एक-दीड स्टॉप तिथेच जातो, शहरात धुरकं असेल तर दोन. म्हणून १/८० लावून पहिला फोटो. चंद्र पिवळसर, खालची कडा पाण्यात बघितल्यासारखी थरथरती. ही हवेची उकळी आहे, ती कुठल्याही सेटिंगनं जात नाही. आईला दाखवण्यापुरता हा फोटो छान, तपशिलासाठी निरुपयोगी.

मोदक खाऊन साडेअकराला परत येतो. चंद्र आता तीस अंशांवर, पांढरा झालेला. १/८० वरच काढला तर उजळ कडा जळते, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होते. १/१६० वर सगळं जागेवर येतं. साडेबाराला आणखी वर गेल्यावर १/२००, अगदी तक्त्याप्रमाणे. एकच चंद्र, एकच तिथी, आणि अडीच तासांत सव्वा स्टॉपचा फरक. म्हणून तक्ता ही फक्त सुरुवात. शेवटचा शब्द हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोत काळोख किती आणि उजेड किती हे दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आलेखाचा.

ऋतूनंही फरक पडतो. मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते. ज्येष्ठातली दक्षिणेकडे कलून, बरीच खालून जाते. तपशिलाचे फोटो काढायला हिवाळा उत्तम तो एवढ्याचसाठी, आणि हवाही कोरडी असते. कोजागरीला मात्र पावसाळ्याची ओल हवेत शिल्लक असते. नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, पण फोटोत अर्धा स्टॉप सहज खाते.

हिस्टोग्राम वाचताना

चंद्राचा हिस्टोग्राम नवख्याला घाबरवतो. डाव्या टोकाला आकाशाचा उंच सुळका आणि बाकी सगळं रिकामं. "फोटो काळा आलाय" असं वाटून लोक शटर वाढवतात. सुळक्याकडे दुर्लक्ष करा. मधल्या भागात बारीकशी टेकडी दिसेल, कधीकधी तळाशी नुसती रेघच, तो चंद्र. ती टेकडी मध्यापासून उजवीकडे हवी, पण उजव्या भिंतीला टेकता कामा नये.

कॅमेऱ्यात जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. पौर्णिमेला सर्वांत आधी लुकलुकतो तो ॲरिस्टार्कस नावाचा खड्डा, चंद्रावरच्या सर्वांत उजळ जागांपैकी एक, आणि दक्षिणेकडच्या तायको खड्ड्याभोवतीचे पट्टे. हे दोन लुकलुकायला लागले की एक क्लिक मागे या आणि तिथेच थांबा. रॉमध्ये काळपट भाग वर उचलता येतो, जळलेला तायको परत येत नाही.

अष्टमीच्या आसपास दुविधा वेगळी. उजळ कडा आणि सावलीची सीमा यांत तीन-चार स्टॉपचं अंतर असतं. उजळ कडेसाठी एक्स्पोजर धरलं तर सीमेवरचे खड्डे काळोखात जातात, आणि खरी गंमत तिथेच असते. मी अशा वेळी कडा किंचित जळू देतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी एक-एक स्टॉपच्या अंतरानं तीन फोटो काढावेत: १/२००, १/१००, १/५०. कुठला आवडतो ते सकाळी मोठ्या स्क्रीनवर ठरवा. रात्री अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन नेहमी जास्त उजळ भासते आणि फोटो हमखास अर्धा-एक स्टॉप काळे निघतात.

शटर किती सावकाश चालेल? चंद्र आकाशात दर दोन मिनिटांना स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर २५० मिलिमीटरला हे सरकणं सेकंदाला चार-साडेचार पिक्सेल भरतं. म्हणजे १/१० सेकंदापर्यंत चिंता नाही. ६०० मिलिमीटरला तेच दहा-अकरा पिक्सेल होतं, तिथे १/३० च्या खाली जाऊ नका. ताऱ्यांच्या फोटोसाठी सांगितला जाणारा ५०० चा नियम इथे कामाचा नाही. तारा ठिपका असतो, चंद्रावर बारीक रेषा असतात.

बीजेची कोर

अमावस्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला नखाएवढी कोर दिसते. नीट पाहिलं तर चंद्राचा उरलेला काळा भागही फिकट राखाडी दिसतो. तो उजळतो पृथ्वीवरून परतलेल्या उन्हानं. हे कारण लिओनार्दो दा विंचीनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं.

ही राखाडी बाजू उन्हातल्या पूर्ण चंद्रापेक्षा बारा-तेरा स्टॉपनं मंद. ती दिसायला हवी तर एफ/५.६, आयएसओ १६००, एक सेकंद. कोर तेव्हा पार जळून जाते, जाऊ द्या. २५० मिलिमीटरला एका सेकंदात चार पिक्सेल वाहून जातात, तेव्हा झूम थोडा कमी करून १५० वर आणलं तर बरं. सूर्यास्तानंतर तीस-चाळीस मिनिटांचा काळ साधा. आधी आकाश फार उजळ, नंतर चंद्र धुरक्यात.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र बघू नये म्हणतात. आमच्याकडे यावर तोडगा निघालाय: मी स्क्रीनमध्ये बघून फोटो काढतो आणि आजी म्हणते, "तो चंद्र नाही, चंद्राचा फोटो आहे."

पुढे काहीतरी हवं असेल तर

नुसता चंद्र चार-पाच महिन्यांत पुरे होतो. मग देवळाचा कळस, दीपमाळ, किल्ल्याचा बुरूज चंद्रासमोर हवासा वाटतो. चंद्र अर्ध्या अंशाचा, त्यामुळे हिशेब पुन्हा ११० चाच: वस्तूच्या उंचीच्या ११० पट लांब उभं राहिलं की ती चंद्राएवढी दिसते. माणूस चंद्रात मावेल असा फोटो हवा तर तो दोनशे मीटरवर हवा. बारा मीटरची दीपमाळ असेल तर सव्वा किलोमीटर मागे जा. बहुतेक जण शंभर मीटरवर उभे राहतात आणि चंद्र लहान आला म्हणून हळहळतात.

एक्स्पोजरची खरी कसरत इथे. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेवर पणत्या लागलेल्या आणि वर चंद्र, हे दृश्य डोळ्यांना एकत्र दिसतं. कॅमेऱ्याला त्यात सात-आठ स्टॉपची दरी दिसते. पणत्यांसाठी धरलं तर चंद्र साबुदाणा, चंद्रासाठी धरलं तर दीपमाळ गायब. वाट एकच: चंद्र खाली आणि आकाशात उजेड शिल्लक असताना काढणं. ज्या संध्याकाळी चंद्रोदय सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत कधीतरी असेल ती संध्याकाळ धरा. बहुधा ती चतुर्दशीची किंवा पौर्णिमेची असते. चंद्रोदय दिवसाला सरासरी ५० मिनिटांनी पुढे जातो, त्यामुळे एक दिवस चुकला की डाव गेला. क्षितिजाजवळ चंद्र आपणहून एक-दोन स्टॉप मंद झालेला असतो आणि जमिनीवर संधिप्रकाश असतो. सूर्यास्तानंतरची दहा-पंधरा मिनिटं दोन्ही एका फोटोत मावतात. एफ/८, आयएसओ ४००, १/१२५ पासून सुरुवात करा आणि दर दोन मिनिटांनी हिस्टोग्राम बघत चला. जमीन भराभर काळी होत जाते आणि चंद्र उजळत जातो, दोघं विरुद्ध दिशांना पळतात.

ती मिनिटं हुकली तर दोन वेगळे फोटो काढून जोडणं उरतं. त्यात गैर काही नाही, पण जोडलंय हे सांगावं. आणि दीपमाळेवर २५० मिलिमीटरचा चंद्र चिकटवू नये, बघणाऱ्याला कळतं.

मोबाइल आणि दुर्बीण

मोबाइलवर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होईल. मग शेजारचा सूर्याचा चिन्हपट्टा खाली, डाग दिसेपर्यंत खाली ओढा. प्रो मोड असेल तर आणखी चांगलं. टेलिफोटो कॅमेऱ्याचं ॲपर्चर एफ/३.४ धरलं तर पौर्णिमेला आयएसओ ५० आणि १/५०० हा लूनी ११ चाच आकडा येतो. काही फोन चंद्र ओळखून त्यावर स्वतःचे तपशील रंगवतात. ती सोय बंद करून काढलेला धूसर चंद्र मला जास्त जवळचा वाटतो, पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा असेल तर तिचा एफ-आकडा काढा: फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास. १५० मिलिमीटर आरसा आणि १२०० मिलिमीटर लेंग्थ म्हणजे एफ/८, वरचा तक्ता जसाच्या तसा लागू. मध्ये दुप्पट करणारी बार्लो लेन्स घातली की एफ/१६, दोन स्टॉप गेले; पौर्णिमेला आयएसओ २०० वर १/१००. स्वतःची दुर्बीण नसेल तर पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचं खगोल मंडळ यांच्यासारख्या हौशी संस्थांच्या आकाशदर्शनाला जा. फक्त आधी विचारा, दुसऱ्याच्या आयपीसला (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाला) मोबाइल टेकवण्यापूर्वी.

ग्रहण

तिथीचा तक्ता जिथे पार कोलमडतो ती रात्र म्हणजे खग्रास चंद्रग्रहण. ७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पौर्णिमेला, रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण सावलीत होता. आमच्या गच्चीवर ढग, मधूनमधून फट. आधी १/४०० वर काढत होतो. सावली शिरू लागली तसं उरलेल्या उजळ भागासाठी १/२००, मग १/१००, कारण तोही विरळ सावलीतच असतो. आणि खग्रास झाल्यावर १/१०० वर कॅमेऱ्यात काहीच नाही. पुरता काळोख. ढग आला म्हणून वर पाहिलं तर तांबूस चंद्र समोर लटकलेला. दहा-बारा स्टॉप एका तासात निघून गेले होते.

खग्रास चंद्र किती मंद असेल हे आधी सांगता येत नाही. ते पृथ्वीच्या वातावरणातल्या धुळीवर आणि ढगांवर अवलंबून असतं. आंद्रे दांजों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं त्यासाठी ० ते ४ अशी मोजपट्टी १९२१ मध्ये सुचवली: शून्य म्हणजे जवळपास न दिसणारा, चार म्हणजे उजळ तांबूस. मधल्या पायरीसाठी एफ/५.६, आयएसओ ३२००, अर्धा सेकंद इथून सुरू करा. आयएसओ कमी ठेवून शटर दोन सेकंदांवर नेलं तर चंद्र वाहून जातो. खरखर नंतर कमी करता येते, वाहिलेला चंद्र सुधारत नाही. फोकस पूर्ण चंद्रावर, ग्रहण लागण्याआधीच करून चिकटपट्टी लावून ठेवा, लाल चंद्रावर तो जमत नाही.

पुढचं सोयीचं खग्रास ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. खग्रास अवस्था आपल्याकडे रात्री पावणेदहा ते अकराच्या दरम्यान, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, चंद्र चांगला वर असताना. सोसायटीच्या गच्चीवर त्या रात्री स्पीकर आणि दिव्यांच्या माळा असणार, तेव्हा ट्रायपॉडसाठी टाकीमागचा कोपरा मी आत्ताच सांगून ठेवलाय.